गल्लीच्या तोंडावरची बोराटी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या गल्लीच्या तोंडावरची बोराटी जेसीबीने उपटली. काम दहा मिनिटांत झाले. त्याच संध्याकाळी बाबा नेहमीप्रमाणे एकटे फिरायला गेले आणि परतताना त्यांना घर सापडले नाही.

बाबा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निघून ते रेल्वेत लागले, आणि रुळांच्या देखभालीचे इंजिनियर म्हणून बहुतेक नोकरी लखनौ आणि आसपास करून निवृत्त झाले. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर तीसेक वर्षे काम केले. निवृत्तीनंतर अलीगंजचे भाड्याचे घर सोडून आम्ही लखनौच्याच वृंदावन योजना या नव्या वसाहतीत राहायला आलो. घरात तिसरी माझी मुलगी. तिला मराठी सगळे समजते. उत्तर ती हिंदीत देते.

तीन वर्षांपूर्वी बाबांना विस्मरणाचा आजार असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि एक गोष्ट तोंडी सांगितली. "जो काम ये खुद कर लेते हैं, वो करने दीजिए। एक बार छूटा तो वापस नहीं आएगा।" त्याप्रमाणे आम्ही करत गेलो, तरी कामे सुटत गेली. आधी फोन लावणे सुटले. मग पेपर. पेपर ते हातात धरत, पण पान उलटत नसत. गेल्या हिवाळ्यात दाढी सुटली. तोपर्यंत एकट्याने करण्यासारखे एकच उरले होते, संध्याकाळी पाचचे फिरणे. गेटमधून बाहेर पडून गल्लीच्या तोंडापर्यंत, तिथून डावीकडे वळून दुधाच्या बूथपर्यंत, बूथसमोरच्या बाकावर थोडा वेळ, आणि परत. वीस मिनिटे. मुलगी आणि मी ती वीस मिनिटे सांभाळत होतो. त्या वेळात कोणी त्यांच्या मागे जायचे नाही, असे आमचे ठरलेले होते.

त्यांना परत येता येई ते बोराटीमुळे.

आमच्या सेक्टरमधल्या गल्ल्या एकसारख्या आहेत. घरे एकाच नकाशाची. गेटांचे रंग दिवाळीला बदलतात, गाड्या बदलतात, आणि घरांचे नंबर बाबांच्या लक्षात राहत नव्हते. पण आमच्या गल्लीच्या तोंडावर एक रिकामा भूखंड होता आणि त्याच्या कोपऱ्यात रानबोरीचे झुडूप होते. इकडे त्याला झडबेरी म्हणतात. बाबा बोराटी म्हणत. इथे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते हेरले होते. एक पान तोडून, उलटे करून त्यांनी मला दाखवले. वरून हिरवे, खालून पांढरी लव.

"हे बोराटी हाय. तू पाह्यलं का?"

"पाहिलं."

"नाही पाह्यलं. काटे पाह्य. जोडीनं असते. एक सरळ, एक वाकडा. सरळ्यातून वाचला त वाकडा धरते."

आजार वाढत गेला तशी त्यांची भाषा मागे सरकली. नोकरीत असताना ते घरात पुस्तकी मराठी आणि बाहेर हिंदी बोलत. आता गावाकडची वऱ्हाडी बोलतात. बोराटी त्या काळातली होती. त्यांच्या वडिलांच्या शेताला तिच्याच काट्यांचे कुंपण होते. म्हणून बाकीचे पुसले गेले तरी ती राहिली असावी. हा माझा अंदाज आहे. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, असे होते.

परतताना उजव्या हाताला बोराटी दिसली की उजवीकडे वळायचे आणि तिसरे गेट. बाबांनी त्या झुडपाला आउटर म्हणायला सुरुवात केली. स्टेशनच्या अलीकडचा सिग्नल, जिथे गाड्या ताटकळतात, तो. घरी आले की ते गेटमध्ये उभे राहून सांगत, "आउटर घेतला."

मुलगी म्हणे, "आजोबा, वो झाड़ी है। सिग्नल कहाँ है उसमें?"

"तेच सिग्नल. तिथं गाडी आली म्हणजे समजायचं, स्टेशन आलं. फक्त प्लॅटफॉर्म खाली पाहिजे."

"प्लॅटफॉर्म खाली है, चाय भी बनी हुई है। अब आ जाओ अंदर।"

झुडूप साधारण कमरेएवढे उंच होते आणि एका मोठ्या खाटेएवढी जागा व्यापून होते. या भागातली मूळ जमीन ऊसर, म्हणजे खारवट. उन्हाळ्यात रिकाम्या भूखंडांवर क्षाराचा पांढरा थर येतो आणि त्यात गवतही धड उगवत नाही. झुडपाखाली मात्र माती काळसर होती. वाऱ्याने येणारी धूळ आणि त्याचीच गळलेली पाने तिथे अडकत. त्या मातीत गवत होते, मुंग्यांची वारुळे होती, आणि एका बाजूने आत जाणारे मुंगसाचे बीळ होते. डेस्कवरच्या सवयीने मी अशा गोष्टी वहीत टिपून ठेवते. म्हणून थोडे खात्रीने सांगता येते.

पावसाळ्यात त्याला हिरवट पिवळी फुले येत. इतकी बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसत नसत, पण माश्या, गांधीलमाश्या आणि लहान मधमाश्या दुपारभर तिथे असत. दिवाळीनंतर बोरे धरत. वाटाण्याहून थोडी मोठी, बी मोठी आणि गर नावापुरता. संक्रांतीच्या आसपास ती तांबडी होत. मग बुलबुल येत, मैना येत, आणि सातभाई आठ-दहाच्या टोळीने येऊन खाली पडलेली उलथीपालथी करत. खारी बोर कुरतडून बी टाकून देत. नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, बाजूला अजून कोल्हे आहेत, असे आसपासचे शेतकरी सांगतात. ते बोर अख्खे गिळतात आणि बी दूर कुठेतरी विष्ठेतून पडते. तशी बी लवकर रुजते, असेही सांगतात. कोल्हा मी पाहिलेला नाही. खाटीक पक्षी पाहिला आहे. हिवाळ्यातल्या एका सकाळी त्याने टोळ पकडून बोराटीच्या काट्यात अडकवला आणि तुकडे तोडून खाल्ला. बाबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "त्याच्यापाशी ताट नाही ना."

पलीकडच्या गावातून एक म्हातारी शेळ्या घेऊन येई. सेक्टरमध्ये तिला सगळे बकरीवाली अम्मा म्हणतात. शेळ्या ओठांनी काट्यांमधून पाने बरोबर वेचत. वर्षातून एकदा अम्मा विळ्याने फांद्या तोडून उन्हात टाकी. वाळल्या की काठीने झोडपून पाला पोत्यात भरे आणि काटे कुंपणाला नेई. पुढच्या पावसाळ्यात झुडूप पुन्हा तेवढेच होई. मूळ खूप खोल जाते, असे ती म्हणे. किती खोल हे तिने हाताने दाखवले, मग हात पुरेना म्हणून काठीने.

फेब्रुवारीच्या शेवटी सेक्टरच्या पार्कमागच्या भूखंडावर साप दिसला. तिथे घाणेरी माजली होती. पार्कात मुले खेळतात, त्यामुळे रहिवासी समितीने संबंधित कार्यालयाला अर्ज द्यायचे ठरवले. समितीचे सचिव आमच्या समोर राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी मला दीदी म्हणतात. अर्जाचा मसुदा घेऊन ते आमच्याकडे आले. समितीचे सगळे कागद माझ्याकडूनच जातात.

"दीदी, ज़रा देख लीजिए। आपकी कलम लग जाए तो बात बन जाए।"

मसुदा दीड पानाचा होता. सुरुवात "सादर अवगत कराना है" अशी, पुढे सापाचे वर्णन, मुलांच्या सुरक्षेवर एक परिच्छेद, स्वच्छतेवर एक. विषयाच्या ओळीत पार्कमागच्या भूखंडाचा नंबरासकट उल्लेख होता. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते. गल्लीच्या तोंडावरची झडबेरी आहे तशी राहू द्यावी, कारण एक वयोवृद्ध रहिवासी आपल्या घराचा रस्ता तिच्यावरून ओळखतात.

मी जेवणाच्या टेबलावर बसून लाल पेनने अर्ज नऊ ओळींचा केला. विषयाची ओळ लांब होती. तिच्याऐवजी "सेक्टर की खाली ज़मीन से झाड़ियाँ हटाने के संबंध में" असे लिहिले. भूखंडाचा नंबर मजकुरात सापाच्या वाक्यात होताच, तो ठेवला. शेवटचे वाक्य काढले.

सचिवांनी ते वाचले आणि थांबले. "वो बाबूजी वाली लाइन?"

"उसकी ज़रूरत नहीं है, भाईसाहब। जो हटाने को कहा ही नहीं, उसे छोड़ने की बात क्यों लिखें?"

"फिर भी, दीदी। लिखा रहता तो..."

"अर्ज़ी कमज़ोर होती है।"

त्यांनी मान डोलावली. "बात तो सही है। और क्या कसा हुआ लिखा है! हम तो डेढ़ पन्ना रंग दिए थे।" आणि त्यांनी सही केली.

ते वाक्य काढण्याची कारणे मला आजही नीट आठवतात. मजकुरात आपल्या घरचे माणूस आणायचे नाही, हा डेस्कचा नियम मी तीस वर्षे पाळला होता. दुसरे कारण लांबी. तिसरे मी सचिवांना सांगितले नाही. बाबांचा आजार एखाद्या कार्यालयाच्या फायलीत जावा, हे मला नको होते.

मंगळवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. यंत्राचा आवाज आला, पण सेक्टरमध्ये कुठे ना कुठे बांधकाम चालू असते. दुसऱ्यांदा जवळून आवाज आला तेव्हा बाहेर गेले. बोराटी ट्रॉलीत पडली होती. खाली दीड-दोन फुटांचा खड्डा, आणि त्याच्या तळाशी मनगटाएवढे मूळ तुटून वर आलेले. आतून ते पिवळसर होते. खड्ड्याभोवती पालीच्या जातीचे दोन-तीन लहान प्राणी सैरावैरा पळत होते. मुंगूस दिसले नाही. झुडपात बुलबुलाचे घरटे होते की नाही याची खात्री करता आली नाही. तो त्यांच्या विणीचा हंगाम असतो.

जेसीबीबरोबर एक देखरेख करणारा माणूस होता. मी त्याला विचारले, ही कोणी काढायला सांगितली.

"मैडम, कंप्लेंट आपके ही सेक्टर की है।" त्याने खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली. वरची ओळ बोटाने दाखवली.

"इसमें प्लॉट नंबर लिखा है। वो पार्क के पीछे है।"

"ऊपर क्या लिखा है? सेक्टर की खाली ज़मीन। ये ज़मीन खाली है कि नहीं?"

"है।"

"और ये झाड़ी नहीं है तो क्या है? आम का पेड़ है?"

जेसीबीचा चालक हसला. मी झेरॉक्स हातात घेतली. नऊ ओळी मी पुन्हा वाचल्या. त्याने लावलेला अर्थ त्या ओळींतून निघत होता. पार्कमागचे काम कधी करणार, असे विचारले तर तो म्हणाला, ते उद्या. रस्त्यात ही आधी लागली. पार्कमागची घाणेरी त्यांनी बुधवारी काढली. जूनपर्यंत ती पुन्हा गुडघ्याएवढी झाली.

बाबा तेव्हा आतल्या खोलीत झोपले होते. उठल्यावर मी त्यांना काही सांगितले नाही. पाचला ते निघाले. त्या दिवशी मी ठरलेला नियम मोडला आणि पंचवीस-तीस पावले मागे राहून गेले. जाताना अडचण आली नाही. बूथसमोर ते नेहमीएवढे बसले. परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले, उकरलेल्या मातीकडे त्यांनी पाहिले, आणि सरळ पुढे गेले. पुढच्या गल्लीशी थांबले. त्याच्या पुढच्या गल्लीशी थांबले. मग माघारी फिरून पुन्हा बूथपर्यंत गेले आणि तिथून नव्याने सुरुवात केली. दुसऱ्यांदाही ते आमच्या गल्लीवरून पुढे गेले. तिथे फळांच्या हातगाडीचा ठेलेवाला होता. त्याला त्यांनी हिंदीत विचारले, "भैया, यहाँ एक बेर की झाड़ी थी।"

"बेर का सीज़न गया, बाबूजी। अमरूद ले लीजिए, मीठे हैं।"

मी पुढे झाले. बाबांनी मला ओळखले.

"आउटर काढला का?"

"हो."

"ब्लॉक घेतला होता?"

रुळांचे किंवा सिग्नलचे काम करायचे असेल तर आधी गाड्या बंद ठेवण्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. त्याला ब्लॉक म्हणतात. मी नाही म्हटले.

"बिना ब्लॉकचं काढलं? असं कसं काढलं? कागदावर सही कोणाची हाय?"

घरी चहा घेताना त्यांनी हे पुन्हा विचारले. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी तिला दुपारीच सगळे सांगितले होते. ती म्हणाली, "आजोबा, बिस्किट लो।" त्यांनी बिस्किट घेतले. सहीचे त्यांनी नंतर विचारले नाही.

गुरुवारी बकरीवाली अम्मा आली. खड्ड्याजवळ उभी राहून तिने विचारले, कोणी काढवली. मी म्हटले, माझ्या लिहिण्याने निघाली.

"काहे? काट खाए रही तुमका?"

ट्रॉलीतून सांडलेल्या फांद्या कडेला पडल्या होत्या. त्या तिने गोळा केल्या आणि गेली.

पुढचा दीड महिना आम्ही बोराटीच्या जागी दुसरे काहीतरी ठेवण्याचा प्रयत्न केला. सचिवांनी एक पिंप आणून त्याला लाल-पांढरे पट्टे मारले. रंगवताना ते म्हणाले, "दीदी, हमें वो लाइन रखवानी चाहिए थी।" मी म्हटले, ओळ तर मी कापली होती. ते म्हणाले, सही तर आमची होती. पिंपाचा उपयोग झाला नाही. बाबांनी त्यावर दोनदा टिचकी मारली आणि विचारले, "पाणी हाय का याच्यात?" पट्टे सिग्नलचेच आहेत, हे मुलीने त्यांना समजावले. त्यांनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी ते पिंपाशेजारून सरळ पुढे गेले.

मग मुलगी नर्सरीतून बोराचे रोप घेऊन आली. बाबांनी पान उलटून पाहिले, दांडीवरून बोट फिरवले.

"हे कलमी हाय. काटे कुठं हायेत? फसवलं तुले नर्सरीवाल्यानं."

"उसने बोला, तीन साल में फल देगा।"

"तीन साल?" बाबा हसले. "मंग तूच खा."

मी अम्माला नहरेकडची झडबेरी मुळासकट आणायला सांगितले. नाही लागणार, असे ती आधीच म्हणाली, तरी तिने आणली. मूळ हातभर खोलीवर तुटले होते. लावली, दोन वेळा पाणी घातले. एप्रिलच्या उन्हात आठ दिवसांत ती वाळली. कलमी रोप शेळ्यांनी खाल्ले.

या काळात रोज संध्याकाळी मी किंवा मुलगी बाबांच्या मागे जात होतो. त्यांच्या लक्षात येऊ नये असे अंतर ठेवायचे, आणि गल्ली चुकली की सहज भेटल्यासारखे पुढे व्हायचे. दिवसभराची कामे पाचच्या आत उरकावी लागत. त्यात थकवा होता. एप्रिलअखेर बाबांनी आम्हाला पकडले. वळून ते मुलीला म्हणाले, "मी काय कैदी हाय? पोलिसावानी मांगं मांगं येते." ती म्हणाली, "मैं तो दूध लेने जा रही हूँ।" "मंग पुढं चाल," ते म्हणाले. ती पुढे झाली. ते तिथेच उभे राहिले आणि ती बूथवर पोहोचेपर्यंत हलले नाहीत.

मे महिन्यातल्या एका दुपारी चारच्या सुमारास गॅसचा सिलिंडर आला. सिलिंडरवाला गेला तेव्हा गेट उघडे राहिले. मी गच्चीवर टाकीचे पाणी बघायला गेले होते. मुलगी बाहेर होती. खाली आले तेव्हा बाबा घरात नव्हते.

सचिवांनी स्कूटर काढली. मी पायी बूथपर्यंत गेले आणि नंतर सगळ्या गल्ल्या पाहिल्या. सेक्टरच्या ग्रुपवर मुलीने फोटो टाकला. पावणेसातला तिच्या फोनवर एका बाईचा फोन आला. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आम्ही नंबर लिहिलेले कार्ड ठेवत असू, ते तिला सापडले होते. नहरेच्या कडेला एका अर्धवट इमारतीच्या चौकीदाराची ती बायको होती. आमच्या घरापासून ती जागा तीन किलोमीटरवर आहे. त्या दिवशी कडक ऊन होते.

मी सचिवांच्या स्कूटरवर बसून गेले. रस्त्याच्या वळणावर झडबेरीची मोठी जाळी होती. तिच्यापासून उजवीकडे इमारतीच्या कामगारांच्या खोल्या. बाबा तिसऱ्या खोलीसमोर खाटेवर बसले होते. डोक्यावर ओला पंचा होता, हातावर दोन-तीन ओरखडे, रक्त सुकलेले. खोल्या मी मोजून पाहिल्या. जाळीपासून उजवीकडे तिसरीच होती.

चौकीदाराची बायको म्हणाली, "बाबूजी सीधे आए और कुंडी खोलने लगे। हम बोले, कौन? बोले, हमारा घर है। हम बोले, ठीक है, रह लीजिए, किराया हम ही दे देंगे।" ती हसली. मग म्हणाली, "पानी दो लोटा पी गए। बहुत दूर से आए थे।"

मी बाबांसमोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिले आणि खाटेवर सरकून जागा केली.

"या, बसा," ते म्हणाले. "चहा ठेवला हाय."

ते मला नेहमी तू म्हणतात. मी बसले. चौकीदाराच्या बायकोने खरोखरच चहा ठेवला होता. बाबा, सचिव आणि मी, तिघांनी तो घेतला. निघताना बाबा उठेनात. मी त्यांना म्हटले, पुढच्या स्टेशनवर तपासणी आहे, जायला पाहिजे. ते ताबडतोब उठले.

दुसऱ्या दिवसापासून गेटला आतून कुलूप लागले. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले की दुसरा उपाय नाही. पाच वाजता बाबा गेटशी येत आणि कुलूप हलवून पाहत. "कोणं बंद केलं?" असे विचारत. मुलगी चावी आणून कुलूप उघडे आणि त्यांचा हात धरून बाहेर नेई. हात धरलेला त्यांना आवडत नसे. बूथपर्यंत जाऊन येत. परतताना गल्लीच्या तोंडाशी ते थांबत आणि तिच्याकडे बघत. ती वळली की वळत.

जुलैत, पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी, खड्ड्यात तुटलेल्या मुळाला फुटवे आले. आधी दोन, मग आणखी तीन. अम्माने ते पाहिले आणि शेळ्या दुसऱ्या बाजूने नेल्या. सचिवांनी भोवती विटा रचल्या. ऑगस्टच्या मध्यात फुटवे वीतभर होते. पानांना खालून पांढरी लव आली होती. काटे अजून मऊ होते, पण जोडीने होते. भूखंडाच्या मालकाला समितीने पत्र पाठवले आहे. त्याचा मसुदा सचिवांनी स्वतः केला. मला त्यांनी तो दाखवला. मी त्यात काही बदल केला नाही. मालकाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

एका संध्याकाळी मी बाबांना फुटव्यांपाशी घेऊन गेले. ते वाकू शकत नाहीत, म्हणून एक पान तोडून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटे केले, बराच वेळ पाहिले.

"बोराटी," ते म्हणाले.

"हो. घर कुठल्या बाजूला आहे?"

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. मग पान माझ्या हातात परत दिले.

"ते तुम्ही सांगा," ते म्हणाले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी पाच वाजून गेले तरी ते गेटशी आले नाहीत. मुलगी आत गेली आणि तिने विचारले, बाहर चलें? ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी विचारले. तेव्हाही नाही म्हणाले. त्यानंतर आम्ही आठवडाभर रोज विचारत होतो. बाहेर जायचे त्यांनी स्वतःहून पुन्हा म्हटलेले नाही. गेटचे कुलूप आम्ही दसऱ्यानंतर काढले.